अकराशे वाक्यांचे वालावलकर

वालावलकर काकांनी पाटीवर वाक्य लिहायला घेतलं की ते पुरं होईपर्यंत समोरच्याने गप्प बसायचं, असा त्यांच्या घरचा नियम होता. 'उद्या सकाळी मी' एवढंच लिहून झालेलं असताना कुणी उतावळेपणाने "मार्केटला जाणार का?" म्हटलं, की ते मार्कर थांबवत, सगळी पाटी शांतपणे पुसत आणि 'उद्या'पासून पुन्हा सुरुवात करत. माझ्या नवऱ्याला मधे बोलायची फार सवय. एकदा त्याच्यामुळे त्यांना एकच वाक्य चार वेळा लिहावं लागलं. चौथ्या खेपेला ते पूर्णविरामासकट पुरं झालं तेव्हा वाचलं, तर नुसतं एवढंच होतं : 'उद्या सकाळी मी घरी नाही.'

ते सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर राहत. मूळचे देवगडकडचे. वीस-बावीस वर्षं बोटीवर इंजिनियर, नंतर सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी. बंदरात जहाज लागलं की त्याच्या इंजिन रूममध्ये उतरायचं आणि काय बिघडलंय ते शोधायचं. त्यांचे हात कायम स्वच्छ, नखं कापलेली, पण डाव्या अंगठ्याच्या खाचेत वंगणाची एक काळी रेघ होती, ती कधीच गेली नाही.

माझी ओळख झाली तेव्हा त्यांचा आवाज गेलेला होता. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं. गळ्याच्या खाली श्वासासाठी एक छिद्र आणि त्यावर सुती रुमाल. सुनंदाकाकू तो रोज बदलत, इस्त्री करून. बाहेर बोलायला त्यांच्याकडे टॉर्चएवढं एक यंत्र होतं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की घूंघूं करत शब्द उमटायचे. काका त्याला पिपाणी म्हणत. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. लिफ्टमध्ये तिने तो आवाज पहिल्यांदा ऐकला आणि मी तोंडावर हात ठेवायच्या आत विचारलं, "अंकल, यू रोबो आ?" काका तिच्याएवढे खाली वाकले, पिपाणी गळ्याला लावली आणि तिच्याच सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "येस लाह." त्या दिवसापासून ती त्यांची झाली.

घरात मात्र ते पिपाणी वापरत नसत. घरात पाटी, आणि रविवारी कॉम्प्युटर.

हा कॉम्प्युटर काय प्रकार आहे ते मला काकूंनी सांगितलं. ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा तीन आठवडे हातात होते. काकांचा मोठा भाऊ त्याच्या दोनच महिने आधी वारला होता. गावी आई, ऐंशीच्या जवळ आलेली, डोळ्यांनी जवळजवळ अधू. तिला आत्ता हे सांगायचं नाही, असं काकांनी ठरवलं. ऑपरेशन होऊ दे, ती थोडी सावरू दे, मग बघू. तोपर्यंत दर रविवारच्या फोनची सोय हवी. त्यांच्या जुन्या बोटीवरच्या एका बर्मी इलेक्ट्रिकल ऑफिसरने धोक्याच्या सूचना रेकॉर्डेड आवाजात देणारा एक प्रोग्राम लिहिला होता. तो त्याने काकांसाठी थोडा बदलून दिला. वाक्यं रेकॉर्ड करायची, यादीत नावं टाकायची, क्लिक केलं की वाक्य वाजणार.

इथल्या बऱ्याच सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक लहानशी खोली असते, बॉम्ब पडलाच तर लपायला. लोक तिच्यात तांदूळ आणि सुटकेसा ठेवतात. काकांनी सुटकेसा बाहेर काढल्या, आत खुर्ची आणि मायक्रोफोन नेला आणि तीन आठवडे रोज दार लावून घेऊन ते स्वतःचा आवाज साठवत बसले. अकराशे वाक्यं. डायरीत नंबर घालून लिहिलेली. बहुतेक मालवणीत, आईसाठी. 'होय गे आये, जेवलंय.' 'बरो आसंय.' 'औषध घेतलंस?' 'रजा नाय गावली.' 'लाइन खराब आसा, मगे करतंय.' नुसते हुंकारच तेवीस प्रकारचे होते.

"मी म्हटलं, माझ्यासाठी पण काहीतरी घाला," काकू म्हणाल्या. "तर विचारतात, काय घालू? म्हटलं, भांडणं घाला. पाटीवर भांडता येत नाही. तुम्ही लिहीपर्यंत माझा राग जातो." तर 'तुला काही सांगण्यात अर्थ नाही' पासून 'चावी तूच ठेवली होतीस' पर्यंत चाळीस वाक्यं काकूंच्या नावावर होती.

एका रविवारी मी तिथे असताना फोन आला. काकांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. स्पीकर फोनजवळ सरकवला, डायरी उघडली, माउसवर हात ठेवला. पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज आला. "अनंता, जेवलंस रे?" क्लिक. "होय गे आये, जेवलंय." भरदार, किंचित घोगरा, हसरा आवाज. मी काकांना वर्षभर ओळखत होते आणि तो आवाज पहिल्यांदा ऐकत होते. त्या वेळी त्यांचे ओठही हलत होते. आई गोठ्याचं सांगत होती, शेजारणीचं सांगत होती, काका योग्य जागी हुंकार वाजवत होते. मग तिने विचारलं, "कधी येतलंस?" काकांचा हात जरा थांबला. क्लिक. "फुडच्या म्हयन्यात बघतंय."

पाच वर्षं ते फुडच्या म्हयन्यात बघत होते. मधे विमानं बंद होती तेव्हा कारण शोधावं लागलं नव्हतं. एरवी रजा नाही, जहाज अडकलंय. गावी धाकट्या भावाला, श्रीधरला, सगळं ठाऊक होतं. तो गप्प राहिला होता. घरी गेलं की आईसमोर तोंड उघडावं लागणार, म्हणून हा माणूस आईकडे जात नव्हता.

मी पाया लेबारला एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. जुनी, मोडायला आलेली मशीन बंद करायच्या आधी त्यांचं व्हर्च्युअल मशीन करून ठेवणं हे माझं रोजचं काम. म्हणजे त्या कॉम्प्युटरची डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, तिची एक मोठी फाइल बनवायची आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरच्या आत पूर्ण कॉम्प्युटर म्हणून चालवायची. काकांनी एकदा समजावून सांगायला लावलं, मन लावून ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, 'म्हणजे शरीर गेलं तरी चालतं.' काकूंनी त्यांच्या हातातून पाटी घेतली आणि पदराने पुसून टाकली.

काकांच्या कॉम्प्युटरचंही हेच करायला हवं होतं; तोही जुना, कधीही मोडेल असा झाला होता. त्यातली रेकॉर्डिंग नुसती कॉपी करून चालणार नव्हतं. सगळी वाक्यं प्रोग्रामने एकाच फाइलमध्ये गुंडाळून ठेवली होती, आणि प्रोग्राम सुरू होताना मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर तपासायचा. ओळखीचा नसला की बंद. तो लिहिणारा बर्मी माणूस बोट सोडून कुठे गेला, पत्ता नव्हता. व्हर्च्युअल मशीनला मात्र जुना नंबर देता येतो, त्यामुळे प्रोग्रामला काही कळलं नसतं. काम एका दुपारचं. काकांनी मला रीतसर कागदावर विनंती लिहून दिली होती. मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी नक्की, काका."

तो शनिवार मी नऊ आठवडे पुढे ढकलला. ऑफिसात एक मोठं स्थलांतर चाललं होतं, मुलीची परीक्षा होती, पाहुणे होते. काका लिफ्टमध्ये भेटत आणि काही विचारत नसत. एकदा नुसती मान हलवून हसले. ते मला अजून आठवतं.

दहाव्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, काकूंचा फोन आला. "मशीन टकटक करतंय. तू येतेस का?"

मी तशीच गेले. काका कॅबिनेट उघडून बसले होते, कान डिस्कला लावलेला, डोळे मिटलेले. मला बघून त्यांनी लिहिलं, 'बेअरिंग नाही. आतलं हेड आदळतंय.' त्यांचं निदान बरोबर होतं. मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि वाचायला लावली. सुरुवात बरी झाली. चौदा टक्क्यांवर पहिली अडखळण. एकोणीसवर डिस्क पंधरा मिनिटं नुसती टकटकत राहिली. काकांनी टेबलफॅन आणून तिच्यावर धरला. दुपारी सव्वीसवर ती पुढे जाईना. एकाच जागी परत परत वाचायचा प्रयत्न, परत परत चूक.

ऑफिसात असं झालं तर आम्ही बॅकअपवरून सगळं परत आणतो. इथे बॅकअप नव्हताच, आणि तो नसण्याचं कारण मी होते.

काकांनी माझा खांदा हलवला. लिहिलं होतं, 'बंद कर. थंड होऊ दे. मग शेवटाकडून वाच, उलट.' ते मला सुचायला हवं होतं. तासाभराने आम्ही शेवटाकडून सुरू केलं. डिस्क चालली. काकूंनी भात-आमटी केली होती, ती कुणी वाढूनही घेतली नाही. काका एका हाताने पंखा धरून होते, दुसरा हात डिस्कवर सपाट ठेवलेला, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. अंधार पडायच्या सुमाराला टकटक थांबली. आम्हाला क्षणभर बरं वाटलं, मग कळलं की डिस्क फिरायचीच थांबलीय.

मधला जवळजवळ तिसरा हिस्सा वाचलाच गेला नव्हता.

शनिवार त्या अर्धवट फाइलला उभं करण्यात गेला. पहिल्यांदा निळा पडदा, म्हणजे विंडोज सुरूच व्हायला तयार नाही. दुसऱ्यांदाही. नव्या जागेतली डिस्क जुन्या विंडोजला ओळखता येत नव्हती. तो दोष काढला तर दुसराच निघाला. काका शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. दर वेळी निळा पडदा आला की ते माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवत. पाटी त्यांनी दिवसभर उचलली नाही. चार वाजता लॅपटॉपच्या पडद्यावर त्यांचा जुना डेस्कटॉप उघडला, मागे कुठल्याशा जहाजाचा फोटो. प्रोग्रामने नंबर तपासला, स्वीकारला, आणि यादी आली. अकराशेच्या अकराशे.

काकूंनी हात जोडले. काकांनी पहिल्या वाक्यावर क्लिक केलं. काही वाजलं नाही.

नावं सगळी होती. आवाज काहींनाच होता. काकांनी डायरी घेतली आणि एकेक वाक्य वाजवून बघायला सुरुवात केली. वाजलं की बरोबरची खूण, नाही वाजलं की फुली. सात वाजेपर्यंत ते हेच करत होते. 'होय गे आये, जेवलंय' : फुली. 'बरो आसंय' : फुली. 'औषध घेतलंस?' अर्ध्यात तुटलं, मग खरखर. हुंकार नऊ उरले. काकूंची भांडणं सगळीच्या सगळी वाचली होती. स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या आपल्या नवऱ्याचा आवाज ऐकत होत्या, "चावी तूच ठेवली होतीस," आणि पदर तोंडाशी धरून रडत होत्या.

"काका," मी म्हटलं, "एक करता येईल. जे उरलंय त्यावरून हवी ती वाक्यं तुमच्या आवाजात बनवून देणारे प्रोग्राम आलेत आता. कुणालाही फरक कळणार नाही. उद्या फोन यायच्या आधी करून देते."

त्यांनी लिहायला घेतलं. मी गप्प राहिले.

'हे सगळं मी बोललेलो आहे. त्या लोखंडी दाराच्या खोलीत बसून, तोंडाने. म्हणून मी ते आईला ऐकवत होतो. जे मी बोललो नाही ते माझ्या आवाजात तिला ऐकवणार नाही.'

"अहो, पण उद्या काय करायचं?" काकूंनी विचारलं.

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'उद्या सांगायचं.'

रविवारी काकूंनी मलाही बोलावून घेतलं. एकटीला हे बघवणार नाही म्हणाल्या. फोन आला. "अनंता, जेवलंस रे?" नेहमीसारखंच. काकांनी माउसला हात लावला नाही. पिपाणी गळ्याला टेकवली आणि म्हणाले, "आये, मी अनंत बोलतंय."

घूंघूं करत ते शब्द माझ्या सवयीच्या कानालाही परके वाटले.

"कोण?" आई म्हणाली. "कोण बोलता? अनंताक फोन दी."

"आये, मीच गे. माझो आवाज गेलो."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्यांदा फोन लावून काकू बोलल्या. सगळं सांगितलं : आजार, ऑपरेशन, ही पाच वर्षं. पलीकडे काही ऐकू येईना, म्हणून त्या मधे मधे "आई? आई?" म्हणत होत्या. शेवटी म्हातारीचा आवाज आला, अगदी सावकाश.

"सुनंदा, माझो झील कधी गेलो?"

"नाही हो आई, तुमचा मुलगा इथेच आहे, माझ्या शेजारी बसलाय."

"थोरलो गेलो तेवा पण तुमी माका चार दिवसांनी सांगलात. ह्यो आता कोण बोललो? तुमी माका आंधळ्येक फसवतास."

श्रीधरने शपथ घेतली. त्याच्यावरही विश्वास बसला नाही. काकांनी पुन्हा पिपाणी लावून तिला कायकाय सांगितलं, लहानपणी विहिरीत पडले होते ते, तिच्या हातावरच्या भाजल्याच्या खुणेबद्दल. तिचा एकच हट्ट, त्या आवाजाला बंद करा. मग ती मोठ्याने रडायला लागली, माणूस गेल्यावर रडतात तशी, मुलाचं नाव घेऊन. काका फोनसमोर बसून स्वतःच्या नावाचा तो आक्रोश ऐकत होते. तोंडाने काहीतरी म्हणत होते, पण पिपाणी मांडीवर पडलेली होती, त्यामुळे कुणालाच ऐकू गेलं नाही.

त्याच दिवशी दुपारी ते दोघं विमानतळावर गेले. मी सोडायला गेले होते. टॅक्सीत मी म्हटलं, "काका, मी वेळेवर केलं असतं तर..." त्यांनी पाटी काढली, टॅक्सीच्या हादऱ्यात नीट, सावकाश लिहिलं, 'तर मी आणखी पाच वर्षं गेलो नसतो.' पूर्णविराम दिला. मग माझ्याकडे बघितलं नाही, बाहेरच बघत बसले.

पुढचं काकूंनी सांगितलं. घरात गेल्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या फोनपासून अन्न घेतलं नव्हतं. काका जवळ बसले, तेव्हा तिने हात झिडकारला. मग त्यांनी तो हात घट्ट धरून आपल्या चेहऱ्यावर नेला. तिने कपाळ चाचपलं, कान, हनुवटी, आणि बोटं खाली उतरून रुमालाशी थांबली. रुमाल तिनेच बाजूला केला. छिद्रावर बोटांना आतबाहेर होणारा श्वास लागला, तशी ती कितीतरी वेळ तिथेच बोटं ठेवून बसली. मग विचारलं, "दुखता काय रे?"

काका सिंगापूरला परत आले नाहीत, गावीच राहिले. सामान आवरायला काकू एकट्याच आल्या. तो लॅपटॉप मी त्यांना देऊन टाकला. "भांडायला लागेल," असं म्हणून त्यांनी तो साड्यांच्या घडीत नीट गुंडाळून ठेवला.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते गेल्या मे महिन्यात, फोनच्या पडद्यावर. काकूंनी पडवीतून व्हिडिओ कॉल लावला होता. मागे काका आणि त्यांची आई एका बाकावर बसले होते. काकांनी पिपाणी गळ्याच्या एका बाजूला लावलेली, आणि दुसऱ्या बाजूला आईची तीन बोटं टेकलेली. कानाने तिला तो आवाज कळत नाही, काकू म्हणाल्या, बोटांनी कळतो. काकांना मी दिसलेच नाही. ते तिला कसल्याशा बंदराची, कुठल्या जहाजाची गोष्ट सांगत होते, ती मान हलवत होती, आणि मधे एखादा शब्द निसटला की बोटांनी हलकेच गळा दाबून म्हणत होती, "सावकाश. परत सांग." काका थांबत आणि ते वाक्य पहिल्यापासून सांगायला लागत.